आधी गुडघे

सासूबाईंचा प्रश्न साधा होता. ‘‘एवढी वर्षं नोकरी झाली. आता पुन्हा शिकून वेगळं काय करणार गं तू?’’ वेगळं काहीच नाही, हेच करणार, असं म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनंच पाहिलं.

आयसीयूत पहाटे साडेचारच्या सुमारास स्पंज सुरू होतो. मावशी कोमट पाणी आणते, पडदा ओढते. व्हेंटिलेटरची नळी एका हातानं सांभाळत पेशंटला कुशीवर घ्यायचं, पाठ पुसायची, टाचा बघायच्या, चादर बदलायची. सगळं घाईघाईत, कारण त्यानंतर रक्ताचे नमुने, लघवीचा हिशेब, आणि सकाळपाळी आली की तिला ओव्हर द्यायचा. तरी गुडघ्यापाशी माझा हात रेंगाळतो. जंतुसंसर्ग रक्तात भिनलेल्या माणसाच्या गुडघ्यांवर कधीकधी जांभळट जाळी उमटते. हात लावला तर गुडघे गार. मॉनिटरवरचा बीपी मात्र अजून व्यवस्थित. रेसिडेंटला उठवलं की तो आधी मॉनिटरकडे बघतो. ‘‘सिस्टर, प्रेशर तर ठीक आहे ना?’’

‘‘ठीक आहे सर. पण मला पेशंट बरा वाटत नाही.’’

या ‘वाटत नाही’ला चार्टवर रकाना नाही. कधी तो ऐकतो, कधी ‘बघू’ म्हणतो. त्याचंही फारसं चुकत नाही; रात्रभर धावलेल्या माणसाला वाटण्यावर उठवणं तसं अन्यायाचंच.

गुडघे बघायला मला एका सीनियर सिस्टरनं शिकवलं. तिला कुणी शिकवलं, ते तिलाही आठवत नव्हतं. पुढे एका व्याख्यानात ऐकलं, की फ्रान्समधल्या डॉक्टरांनी 2011 मध्ये या जाळीला 0 ते 5 असे गुण देऊन ठेवलेत. गुडघ्याच्या मध्यावर नाण्याएवढा डाग असेल तर 1. जाळी जांघेच्या घडीपलीकडे सरकली की 5. गुण चढत जातील तसा जिवाचा धोका वाढतो. रक्ताभिसरण कमी पडू लागलं की शरीर कातडीचा वाटा आधी कापतं आणि मेंदू-हृदयाकडे वळवतं; बीपी पडायच्या आत ही काटछाट सुरू झालेली असू शकते. ऐकून आनंद झाला आणि रागही आला. आमच्या हाताला जे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक, ते दुसऱ्यांनी मोजलं तेव्हा कुठे खरं ठरलं! अमेरिकेत पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 सालीच अनुभवी नर्सच्या अशा जाणिवेवर पुस्तक लिहिलं. त्या तरी आमच्यातल्या, स्वतः नर्स.

पुढची गोष्ट त्याहून टोचली. ही जाळी गोऱ्या कातडीवर उठून दिसते. आमच्याकडे येणाऱ्या, उन्हात रापलेल्या ऊसतोड कामगाराच्या गुडघ्यावर काय मोजायचं? मी तिथं रंगापेक्षा गारव्यावर भिस्त ठेवते, बोटाचं टोक दाबून सोडते आणि रक्त परतायला किती वेळ लागतो ते बघते. दक्षिण अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 2019 च्या एका मोठ्या अभ्यासात याच साध्या चाचणीवर जंतुसंसर्गानं रक्ताभिसरण ढासळण्याचे, म्हणजे शॉकचे, उपचार बेतून पाहिले. तिथं दाब दहा सेकंद द्यायचा होता, आणि रंग परतायची मर्यादा होती तीन सेकंद. मी आपली अंदाजानं दाबत आलेय.

शिकायचं मनात आलं ते असं. पण आपल्याकडे नर्सनं शिकायचं म्हणजे पेशंटपासून लांब जायचं, अशीच रीत. एम.एस्सी. झाली की बाई कॉलेजात शिकवायला जाते किंवा ऑफिसात ड्युटीचे तक्ते लावते. म्हणजे जिचं डोकं सगळ्यात तयार, तीच खाटेजवळ नाही! पेनसिल्व्हानियातल्या 168 रुग्णालयांची आकडेवारी तपासून लिंडा एकेन यांनी 2003 मध्ये दाखवलं होतं, की पदवीधर नर्सचं प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त असलं तर शस्त्रक्रियेनंतर पेशंट दगावण्याची शक्यता पाच टक्क्यांनी कमी दिसते. अर्थात त्या पदवीधर वॉर्डात होत्या, ऑफिसात नव्हत्या.

म्हणून मी इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’चा फॉर्म भरलाय. दोन वर्षांचा रेसिडेन्सी अभ्यासक्रम, त्यातला बहुतेक वेळ पेशंटजवळ. आमच्यातल्या दोघी परदेशी जायला जर्मन शिकताहेत, एकीची आयईएलटीएस झाली. त्यांना नावं ठेवणार नाही, इथला पगार मलाही माहीत आहे. माझ्या कोर्सनंतर पगार किती वाढेल, पद कुठलं मिळेल, हे इन्चार्ज सिस्टरला विचारलं तर त्या नुसत्या हसल्या.

संशोधनाला विषय कोणता, असं विचारतील तेव्हा मी सावळे गुडघे म्हणणार आहे. पेशंट किती घेणार, तुलना कशाशी करणार, दोन सिस्टरांची बोटं सारखंच सांगतात का, हे सगळं त्यातून निघेल. संख्याशास्त्र माझं कच्चं. तूर्त शेजारच्या बी.एस्सी.च्या मुलीकडे नाईट ऑफला वही घेऊन बसते; प्रमाण विचलनापर्यंत आलोय, आणि ती फी म्हणून माझ्याकडून बीपी बघायला शिकतेय.