सर्टिफिकेटच्या आधी

दहावीच्या सवलतींचा मी कट्टर समर्थक. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला जादा वेळ, लेखनिक, हवं तर बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित मिळालंच पाहिजे, म्हणून स्टाफरूममध्ये मी तावातावाने भांडलोय. ‘मग बाकीच्यांनी काय पाप केलंय?’ हा गणिताच्याच सहकाऱ्यांचा ठरलेला सवाल. पालकांना माझा सल्लाही ठरलेला: तपासणी करा, सर्टिफिकेट घ्या, पोर सुटेल.

हा सल्ला आता मी देत नाही.

नववीतला एक मुलगा. सर्टिफिकेट हातात, अंकगणिताचा अर्ज भरायच्या बेतात. सहज त्याला एक उदाहरण तोंडी घातलं: एका संख्येच्या तिपटीत सात मिळवले तर बावीस. ‘पाच,’ मी खडू उचलायच्या आत उत्तर. तसंच उदाहरण पुस्तकातून वाचायला दिलं, तर जोडाक्षरावर अडला, ओळ चुकली, वरचीच ओळ पुन्हा वाचू लागला. वहीत आकडे तिरके पळत. एककाखाली दशक, हातचा तिसरीकडेच. आमच्या विशेष शिक्षिकेने त्याला चौकटीची वही दिली आणि एकच ओळ दिसेल अशी खाच पाडलेला पुठ्ठा पुस्तकावर धरायला लावला. वाचन अजूनही रडतखडतच आहे. पण बीजगणित सोडायचं काही कारण नव्हतं.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन अक्षमतेला २१ प्रकारांत जागा दिली, हे सगळ्यांना पाठ. त्याच कायद्याचं कलम १६ मात्र कुणी काढत नाही. ही अडचण लवकरात लवकर ओळखा आणि शिकवण्याचे योग्य उपाय करा, असं ते सांगतं. म्हणजे बोर्डाच्या परीक्षेच्या कितीतरी आधीची गोष्ट. आणि नुसतंच चित्त थाऱ्यावर नसलेलं मूल? लक्ष न टिकण्याची ही अडचण, म्हणजे एडीएचडी, त्या २१मध्ये स्वतंत्रपणे नाहीच. अशा मुलाला पुढचा बाक, तुकड्यातुकड्यांत गृहपाठ, मध्येच फळा पुसायला उठवणं, हे वर्गातच करावं लागतं. भरगच्च वर्गात ते जिकिरीचं आहे, मीही वैतागतो.

सवलती हव्यातच. पण सर्टिफिकेट फायलीला लागलं की शाळा हात झटकते, हे रोज पाहतोय.

तेव्हा तिसरी-चौथीतलं मूल वाचताना अडत असेल, तर दहावीची चौकशी नंतर करा. आधी वर्गशिक्षकांना गाठा. सोमवारपासून माझ्या मुलाला वेगळं काय शिकवणार आणि कोण शिकवणार, ते विचारा. उत्तर लेखी मागा.