ताज्या बर्फाची वाट

हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून निघालेला पश्चिमी झंझावात इराण-अफगाणिस्तान ओलांडत पीर पंजालच्या रांगेवर येऊन आदळतो. बाष्पाने जड झालेली हवा डोंगर चढते, चढता चढता गारठते आणि गुलमर्गवर रात्रभर बर्फ पडत राहतो. झंझावात पुढे सरकला की उत्तरेचे वारे मोकळे सुटतात, निफाडचा पारा घसरतो आणि द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटतात. बागाईतदाराची झोप उडवणारी ही हवा गुलमर्गवरच्या अफरवट शिखराच्या उतारांवर मात्र स्नोबोर्डवाल्यांचा सण मांडून ठेवते. अजून कुणाचीच रेघ न उमटलेला, गुडघाभर, कधी मांडीपर्यंत साचलेला ताजा कोरडा बर्फ! या खेळातली माणसं त्याला पावडर म्हणतात.

पावडरचं सगळं सुख तिच्यातल्या हवेत असतं. ढगात उणे पंधरा अंशांच्या आसपास बर्फाच्या स्फटिकांना नाजूक फांद्या फुटतात आणि असे स्फटिक एकमेकांवर पडले की मधे पोकळ्या राहतात. दहा सेंटिमीटर बर्फ वितळवला तर पाणी जेमतेम एक सेंटिमीटर निघतं, कधी त्याहूनही कमी. अशा बर्फातून उतरताना बोर्डाच्या कडेचा खरवडल्यासारखा आवाज येत नाही. वळण घेतलं की पिंजलेल्या कापसासारखा बर्फ छातीपर्यंत उसळतो आणि पायांखाली उतार आहे की नाही अशी शंका यावी इतकं हलकं वाटतं. पण वारा सुटला की स्फटिकांच्या फांद्या मोडतात. ऊन लागलं की वरचा थर ओलावतो आणि रात्रीत कडक होतो. उत्तरेकडे तोंड केलेल्या, सावलीतल्या उतारांवर पावडर काही दिवस टिकते. दक्षिणेच्या उन्हात ती एका दुपारीत संपते.

मुंबई-पुण्याहून निघणारा काश्मीरचा बेत बहुधा तारखांवर उभा असतो. रजा मंजूर, विमान ठरलेलं, एक रात्र दल सरोवरावर, एक पहलगामला, एक गुलमर्गला. नुसतं फिरायला हे ठीक आहे, पावडरसाठी हा बेत निरुपयोगी आहे.

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस ‘चिल्लई कलां’चे, सर्वांत कडक थंडीचे. बर्फ पडायचा तो मुख्यतः याच दिवसांत, असा खोऱ्याचा जुना हिशोब. पण २०२४च्या जानेवारीत गुलमर्गचं पठार बराच काळ कोरडं, तपकिरी पडलं होतं. चांगला बर्फ आला तो फेब्रुवारीत. २०२५मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा फेब्रुवारीत व्हायचा होता. बर्फ अपुरा म्हणून तो मार्चवर गेला. देशपातळीवरच्या स्पर्धेला जिथे तारीख हलवावी लागते, तिथे तीन दिवसांच्या पाहुण्याने काय धरून चालायचं? जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतच्या काळात गुलमर्गलाच सलग आठवडाभर मुक्काम ठेवावा आणि जमलं तर तिकीट हवामानाचा अंदाज पाहून काढावं. बाकीचं काश्मीर दुसऱ्या सहलीला पाहता येतं.

झंझावात आला की आधी सगळं बंद होतं. श्रीनगरची विमानं रद्द होतात. गुलमर्गच्या वाटेवर तंगमर्गच्या वर चाकांना साखळ्या बांधल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, दुसरा टप्पा थांबतो. गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे. पहिला टप्पा कोंगदूरीला, सुमारे ३,१०० मीटरपर्यंत नेतो आणि दुसरा थेट अफरवटच्या खांद्यावर, ३,९५० मीटरच्या आसपास. वर झाडाचं नाव नाही, त्यामुळे ढग उतरले की वर कुठे, खाली कुठे हेच कळत नाही. अशा दिवशी खोलीत निखाऱ्यांची कांगडी कवटाळून बसणारे फार मोठ्या आनंदाला मुकतात. कारण खालच्या जंगलात झाडांच्या खोडांमुळे नजरेला आधार मिळतो, वारा अडतो आणि बर्फ तर पडतच असतो. बाबा रेशीच्या दर्ग्याच्या बाजूला झाडांमधून उतरत जायचं आणि रस्ता चालू असला तर जीपने परत यायचं. बोर्डवाल्याने एक ध्यानात ठेवावं. स्कीवाला सपाटीवर हातातल्या काठ्यांनी स्वतःला ढकलत नेतो, बोर्डवाल्याचे मात्र दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले असतात. सपाट जागी वेग मोडला की पाय सोडवून खोल बर्फातून तंगडतोड करावी लागते. वजन मागच्या पायावर थोडं जास्त ठेवायचं आणि बोर्डाचं टोक वर राहू द्यायचं. रुंद टोकाचा, पावडरसाठी घडवलेला बोर्ड तिथे भाड्याने मिळेलच असं धरू नये.

मग आभाळ मोकळं होतं. दूरवर ८,१२६ मीटर उंचीचा नंगा पर्बत दिसतो, गोंडोलापाशी रांग लागते आणि सगळ्यांना वर जायची घाई होते. नेमकी हीच वेळ सर्वांत धोक्याची. नवा थर खालच्या जुन्या थराला अजून धरलेला नसतो, वाऱ्याने काही उतारांवर त्याचे जड पापुद्रे रचलेले असतात. हिमस्खलनं बहुतेक तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर होतात आणि पावडरची मजाही तिथेच असते. फेब्रुवारी २०२३मध्ये अफरवटवर दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात दगावले, फेब्रुवारी २०२४मध्ये एक रशियन. गोंडोलाखालच्या भागावर गस्तीपथकाची नजर असते. धारेपलीकडे कुणाचीच नसते. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर बहुधा वाचतो. नंतर आशा झपाट्याने मावळते आणि बाहेरची मदत इतक्यात पोहोचत नाही. म्हणून संकेत देणारं-घेणारं यंत्र, बर्फात खुपसायची लांब काठी आणि फावडं प्रत्येकाजवळ हवं, आणि ते वापरण्याचा सराव सोबत्यालाही हवा. नवशिक्याने तर दुसऱ्या टप्प्याचा हट्टच धरू नये. आधी खालच्या पठारावर, तिथल्या भारतीय स्कीईंग व गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणी शिकावं.

आता थोडं बारीकसारीक. दुसऱ्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड घ्या. विमा साहसी खेळांना लागू आहे का, हे आधी वाचा. समुद्रसपाटीवरून आला असाल तर पहिला दिवस अंगाला उंचीची सवय होऊ द्या. परतीचं तिकीट मनातल्या तारखेच्या दोन दिवस पुढचं काढा आणि ती पहिली निळी सकाळ उजाडली की गस्तीपथकाने ‘थांबा’ म्हटल्यावर खरोखर थांबा.