गल्लीची रुंदी

निवृत्त होऊन गावी परतल्यावर पहिले काही महिने मला सलग झोप म्हणून लागली नाही. १९८५ पासून २०२१ पर्यंत, ३६ वर्षे एका मोठ्या शहराच्या अग्निशमन दलात काढली. घंटा वाजली की पाय आधी जमिनीला टेकत आणि डोळे मागाहून उघडत. गावी घंटा नव्हती, तरी पाय रात्रीतून दोनतीनदा टेकतच. पत्नी म्हणे, "अहो, झोपा. इथं कुणी वर्दी द्यायला येत नाही." आगीची खबर येणे याला आमच्यात 'वर्दी येणे' म्हणत. इतकी वर्षे ऐकून तो शब्द तिच्याही तोंडी बसला होता.

नगरपरिषदेच्या निवडणुकीला उभे राहण्याचा विचार मी पहिल्यांदा तिलाच सांगितला. ती तांदूळ निवडत होती. हात थांबवून तिने एवढेच विचारले, "का?"

त्या प्रश्नाचे उत्तर मी अजूनही जुळवतो आहे. सोपी उत्तरे पुष्कळ होती. सगळेच उमेदवार ती देतात. त्यातले एक मात्र मी स्वतःपाशी कबूल केले होते. गणवेश उतरला की माणूस एकाएकी कुणीच उरत नाही, आणि हे कुणीच नसणे मला सोसत नव्हते. पण तेवढ्यासाठी कुणी अनामत रक्कम भरत नाही, निदान मी तरी भरली नसती.

खरे कारण जुने आहे. नोकरीला दहा वर्षे झाली असतील. एका दाट वस्तीतून रात्री वर्दी आली. ठाण्यापासून तिथवर आम्ही विलक्षण वेगाने पोहोचलो आणि गल्लीच्या तोंडाशी बंब अडला. एका बाजूला कुणाचा वाढवलेला ओटा, दुसऱ्या बाजूला साखळीने बांधलेल्या हातगाड्या. आम्ही होज खांद्यावर घेतले आणि एकाला एक जोडत आत धावलो. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत धूर गुडघ्यापर्यंत उतरला होता. अशा वेळी सरपटत जावे लागते; श्वास घेण्याजोगी हवा काय ती जमिनीलगत उरते. एक म्हातारी आणि तिचा सातआठ वर्षांचा नातू पलंगापाशी सापडले. दोघांच्या अंगावर भाजल्याची खूण नव्हती. आगीत माणसे बहुधा ज्वालांच्या आधी धुरानेच जातात, हे शिकवणीत पाठ केलेले वाक्य त्या रात्री मी एका मुलाला उचलून जिना उतरताना समजून घेतले.

दुसऱ्या दिवशी अहवाल लिहिला. वर्दी मिळाल्याची वेळ, बंब निघाल्याची वेळ, पोहोचल्याची वेळ. पोहोचलो म्हणजे गल्लीच्या तोंडाशी. कागदावर आमची वेळ उत्तम होती. गल्लीची रुंदी लिहायला त्यात रकाना नव्हता.

दर वर्षी १४ एप्रिलला देशभरातली अग्निशमन दले आपल्या मृतांना मानवंदना देतात. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाचा स्फोट झाला आणि दलाचे ६६ जण कामी आले. त्या जहाजात स्फोटके आणि कापसाच्या गाठी बरोबरच भरलेल्या होत्या. आगीशी झुंजायला गेलेल्यांपैकी कुणाला त्या भरणीविषयी विचारलेले नव्हते. रांगेत ताठ उभा असताना माझ्या मनात दरवेळी हेच येई, आणि शिस्तीत ते न शोभणारे असल्याने मी ते मनातच ठेवी.

पुढे चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीचा मजकूर वाचनात आला. १९९३ पासून अमलात आलेल्या त्या दुरुस्तीने नागरी संस्थांकडे सोपवता येतील अशा १८ विषयांची यादी घटनेला जोडली. त्यात जमिनीचा वापर आणि बांधकामावरचे नियंत्रण दुसऱ्या क्रमांकावर, रस्ते चौथ्या, पाणी पाचव्या आणि अग्निशमन सातव्या. मला हसू आले. सारी उमर मी सातव्या विषयाची चाकरी केली आणि बहुतेक वेळा अडकलो तो दुसऱ्यात नि चौथ्यात! महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. तो इमारतीच्या मालकावर नि भोगवटादारावर जबाबदारी टाकतो. पण गल्लीचा मालक कोण? नगरपरिषद, म्हणजे आपण सारे, म्हणजे कुणीच नाही. त्या 'कुणीच नाही'च्या खुर्चीत जाऊन बसावे, असे मला वाटू लागले.

निवडणुका लांबत गेल्या. त्या अवधीत मी फितीने गावातल्या गल्ल्या मोजल्या. पोरे मागे लागत, म्हातारे सर्व्हेची चौकशी करीत. बंबाची रुंदी सुमारे अडीच मीटर धरली, तर वरच्या आळीतल्या तीन गल्ल्या त्याला बंदच होत्या. चौथी आमची. तोंडाशी जवळजवळ तीन मीटर. पुढे धाकट्या भावाच्या किराणा दुकानापाशी दोन मीटर दहा सेंटिमीटर. दुकानाच्या तीन दगडी पायऱ्या रस्त्यात आलेल्या. त्या आमच्या वडिलांनी बसवलेल्या. संध्याकाळी ते तिथेच बसत आणि जाणाऱ्यायेणाऱ्याची वास्तपुस्त करीत. फितीचे दुसरे टोक भावानेच धरले होते. आकडा त्यानेच वाचला, पण मोठ्याने नाही.

अर्जावर सूचक म्हणून त्याचीच सही घ्यायचे ठरले होते. अर्ज घेऊन मी गेलो, तेव्हा त्याने गल्ल्यावरचे पेन उचलले आणि बाहेर आला.

"अण्णा, निवडून आलात तर पहिलं काम कुठलं?"

मी काही बोललो नाही.

"बाबा इथं बसायचे," तो म्हणाला.

"ठाऊक आहे."

तो मधल्या पायरीवर बसला. कागद गुडघ्यावर ठेवून त्याने सावकाश, शाळेत गिरवावी तशी सही केली आणि शाई वाळावी म्हणून त्यावर फुंकर घातली. तेवढ्यात एक दुधवाला सायकल तिरपी करून आमच्या बाजूने कसाबसा निघून गेला. भावाने पाय आवरून घेतले.