उशीर होण्यापूर्वी

परवा रात्री मित्राच्या संगणकावर 'फायनल फॅन्टसी टेन' हा २००१ सालचा जपानी खेळ संपवला. 'सिन' या अक्राळविक्राळ संकटाच्या नाशासाठी यूना यात्रेला निघते. यात्रेअखेर तिचे मरण ठरलेले. सोबत्यांना ते ठाऊक, फक्त टीडसला नाही.

पण माझे मन अडले ते टीडसच्या बापापाशी. जेक्ट दारुडा, मुलाला रडका म्हणून हिणवणारा. तोच सिन झालेला! अखेरच्या लढाईत तो कोसळतो, तेव्हा कुठे मुलगा कबूल करतो, की हा आपला बाप असल्याचा प्रथमच आनंद होतो आहे.

आमचे अण्णा दारू पीत नाहीत, पण "शिकून कोण साहेब झालाय?" हे रोजचेच. माझ्या फीच्या पावत्या मात्र त्यांच्या पेटीत नीट घडी करून ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. टीडसइतका उशीर मला करायचा नाही.