हादग्याच्या गल्ल्या आणि सायंकाळची वाहने

सूर्याने हस्त नक्षत्रात प्रवेश केला, म्हणजे साधारण २७ सप्टेंबरपासून, सातारा व सांगली परिसरात हादग्याचे दिवस सुरू होतात. पुण्याकडे ज्याला भोंडला म्हणतात, तोच हा खेळ. भिंतीवर समोरासमोरच्या दोन हत्तींचे चित्र लावावे, फळाफुलांच्या माळा सोडाव्यात, फेर धरून गाणी म्हणावीत आणि शेवटी झाकलेला डबा हलवून, ‘गोड की तिखट?’ असे विचारत खिरापत ओळखावी. सोळा दिवस रोज एक गाणे वाढत जाते. एका घरचा फेर संपला की मुली दुसऱ्या घरी धावतात.

परदेशात ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्या रात्री, मुले घरोघर खाऊ मागत फिरतात, तेव्हा वाहनचालकांना मुद्दाम सावध केले जाते. हादग्याच्या मुलींसाठी अशी सूचना क्वचितच कानी येते.

सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेले शहर; तेथील कित्येक रस्ते उताराचे. हस्ताच्या सरीने ते ओले झाले की दुचाकी लवकर थांबत नाही. कृष्णाकाठची सांगली सपाट, पण हळदीच्या या बाजारपेठेत मालाच्या टेम्पोंची वर्दळ मोठी. उभ्या टेम्पोआडून धावत आलेली मुलगी चालकाला अगदी शेवटच्या क्षणी दिसते.

या दिवसांत सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होतो. रात्रीभोजनत्यागाचा नियम पाळणारा व्यापारी त्याआधी घर गाठण्यासाठी दुकानातून निघतो. नेमक्या त्याच वेळी मुली गल्ली ओलांडत असतात. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. ब्रेक दाबण्याचा विचार मनात येईतोवर दोन-तीन घरे मागे पडतात. वेग निम्मा केला, तर ब्रेक लावल्यानंतरचे अंतर सुमारे चौथ्या हिश्श्यावर येते.

साधूंच्या ईर्यासमितीत पुढची चार हात भूमी पाहून, जीव जपून पाऊल टाकण्याचा दंडक आहे. वाहन चालविणाऱ्या श्रावकाने त्याचा भाव ध्यानी घ्यावा. जेवणाचा नियम पाळण्याच्या घाईत एखाद्या बालिकेला इजा झाली, तर त्या नियमामागची अहिंसाच बाजूला राहील. त्यासाठी सोळा दिवस दुकानातून पंधरा मिनिटे आधी निघावे, गल्लीत शिरताच वेग २० वर आणावा, मालाचा टेम्पो फेराच्या वेळी दाराशी उभा करू नये.

घरच्यांनीही मुलींना फिकट रंगाचे कपडे घालावेत, हाती बॅटरी द्यावी आणि सोबत एक मोठी बाई पाठवावी. सूर्यास्तानंतर न खाणाऱ्या मुलीची खिरापत पुडीत बांधून द्यावी, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी ती सावकाश खाईल आणि अंधार पडण्याआधी घर गाठण्यासाठी धावणार नाही.

रस्त्याच्या भीतीने मुलींना घरात बसविले, तर हादगा शाळेच्या पटांगणापुरताच उरेल. तो गल्लीत टिकावा, ही जबाबदारी त्या गल्लीतून गाडी नेणाऱ्यांचीही आहे.