दुर्बिणीमागचा डोळा

आपल्या घरातून बाईमाणूस दवाखान्यात निघाले की पहिला सवाल ठरलेला : ‘लेडी डॉक्टर आहे ना?’ सवाल रास्तच आहे. या एका अटीवर का होईना, कितीतरी जणी तपासायला जातात. पण लेडी डॉक्टर मिळाली की आपले विचारणे तिथेच संपते. हे संपणे किती महाग पडू शकते, ते आपाच्या आजारात कळले.

आपाच्या पॅप स्मिअरच्या रिपोर्टमध्ये पेशींत मोठा बदल दिसला होता. मग एका मोठ्या इस्पितळात कोल्पोस्कोपी झाली. डॉक्टरीणबाई चांगल्या नावाजलेल्या. त्यांनी झटकन पाहिले, एक तुकडा घेतला, तो निर्दोष निघाला. ‘वर्षाने या’, म्हणाल्या. अम्मीने शुकरान्याची नफल पढली. आमच्या मोहल्ल्यातल्या डॉक्टरांना मात्र दोन रिपोर्ट जुळेनात. स्मिअर एवढा खराब आणि तुकडा साफ, हे कसे? त्यांनी दुसरीकडे पाठवले. तिथे एका तरुण डॉक्टरीणीने चार तुकडे घेतले. दोन तुकड्यांत सीआयएन ३ निघाले. म्हणजे कॅन्सर नव्हे, पण त्याच्या उंबरठ्यावरचा बदल. तारेच्या कड्याने तेवढा भाग काढून टाकला.

मी रागावले होते. ती म्हणाली, “त्यांना दिसलं नाही यात नवल नाही. दिसायला अवघडच असतं.”

अवघड का, ते मी नंतर समजून घेतले. ही दुर्बीण जर्मनीत हान्स हिन्सेलमान यांनी १९२५मध्ये काढली. आजही रीत साधी आहे. गर्भपिशवीच्या तोंडाला सिरक्यातले ॲसिड पातळ करून लावायचे. बिघडलेली जागा पांढरी पडते. पण साध्या सुजेनेही जागा पांढरी पडते, नव्याने भरून येणारी कातडीही पांढरी दिसते. मग पांढरेपणा किती दाट, कडा कशा, बारीक रक्तवाहिन्यांची नक्षी कशी, हे सगळे डोळ्याने ठरवायचे. शिवाय वय वाढले की बदल होणारी जागा आत सरकते, दुर्बिणीलाही पुरती दिसत नाही.

अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६मध्ये आले. ज्या स्त्रियांत दोन वर्षांत असा गंभीर बदल सापडला, त्यांतल्या दहापैकी सुमारे सातच जणींचा बिघाड पहिल्या कोल्पोस्कोपीच्या तुकड्यात पकडला गेला होता. दोन किंवा अधिक तुकडे घेतले तेव्हा पकड वाढली. डॉक्टरांच्या शिक्षणाच्या पायरीने फारसा फरक पडला नाही. उलट, जास्त तुकडे घेण्यात नर्स पुढे होत्या आणि कॅन्सरचे तज्ज्ञ मागे! मोठा अनुभव असला की एका नजरेवर भरवसा बसत असावा, असे मला वाटते. आमच्या बोर्डाच्या उत्तरपत्रिकासुद्धा एकट्या परीक्षकावर सोडत नाहीत, मॉडरेटर पुन्हा पाहतो.

याचा अर्थ अनुभव फुकट, असा नव्हे. डोळा तयार करावा लागतोच. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने १९९८पासून निदान दहावी शिकलेल्या बायकांना चार आठवडे शिकवून ही सिरक्याची तपासणी, दुर्बिणीविना, दर दोन वर्षांनी चार वेळा करवली. सुमारे दीड लाख स्त्रिया या अभ्यासात होत्या. ज्यांची तपासणी झाली त्यांच्यात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्के कमी झाले. तिथे संशय आला की बाईला पुढे कोल्पोस्कोपीला पाठवत. एका नजरेवर निकाल नव्हता.

वडीलधाऱ्या बायका म्हणतात, ‘आपल्यात हा आजार नसतो, आपल्या मर्दांची सुन्नत होते.’ सुन्नतीने या विषाणूचा धोका कमी होतो, हे खरे. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. दुल्हाभाईंची काय सुन्नत झाली नव्हती?

आता आपा तपासणीला जाताना जुने सगळे रिपोर्ट थैलीत घालते आणि डॉक्टरला विचारते, जागा पूर्ण दिसली का, तुकडे किती घेतले, रिपोर्ट एकमेकांशी जुळतात का. पुढची तारीख शाबानमध्ये पडते. रमजानच्या आत उरकून येऊ, म्हणते.