ल, श आणि सहा इंचांचे पान

ई-रीडरचे अक्षर खऱ्याखुऱ्या रंगकणांचे असते. पडद्यावर केसाच्या जाडीएवढ्या लाखो पारदर्शक कुप्या दाटीने बसवलेल्या असतात. प्रत्येक कुपीत स्वच्छ द्रव असतो आणि त्यात काळे नि पांढरे कण तरंगत असतात. दोन्ही कणांवर परस्परविरुद्ध विद्युतभार असतो, म्हणून खालून विजेचा हलका स्पर्श झाला की एका रंगाचे कण वर येतात आणि दुसऱ्या रंगाचे तळाशी जातात. वर आलेल्या काळ्या कणांतून काना, मात्रा, वेलांटी उमटते. एकदा उमटलेले अक्षर वीज थांबली तरी जागचे हलत नाही; कागदावर शाई वाळून राहावी तसे ते राहते. वीज खर्च होते ती मुख्यतः पान उलटताना, आणि म्हणून एकदा चार्ज केलेले यंत्र आठवडेच्या आठवडे चालते. मोबाइलचा पडदा दुपारच्या उन्हात फिका पडतो. हे पान मात्र ऊन पडताच उजळते, कारण ते कागदासारखेच बाहेरच्या प्रकाशात वाचायचे असते.

कणांची ही शाई अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मीडिया लॅबमध्ये जोसेफ जेकबसन आणि त्यांचे विद्यार्थी बॅरेट कॉमिस्की व जे. डी. आल्बर्ट यांनी घडवली. १९९७ मध्ये तिच्यासाठी ई इंक ही कंपनी निघाली. २००४ मध्ये जपानमध्ये सोनीचा लिब्री हा ई-रीडर आला, नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकेत अॅमेझॉनचे किंडल आले. पहिल्या किंडलच्या पडद्यावर इंचाला १६७ ठिपके होते. आता साध्या यंत्रावरही ३०० असतात. रोमन लिपी वाचणाऱ्याला हा फरक सुखाचा वाटला. देवनागरी वाचणाऱ्याला तो गरजेचा होता.

देवनागरीची ओळ म्हणजे नुसत्या अक्षरांची रांग नव्हे. शिरोरेखेच्या वर रफार, मात्रा, अनुस्वार असतात, खाली उकार आणि ऋकार लोंबतात, आणि मधे ‘द्ध’, ‘ह्म’, ‘क्ष’ यांसारखी जोडाक्षरे दोन-तीन वर्णांना एकाच घरात नांदवतात. ठिपके कमी पडले की पहिला बळी अनुस्वाराचा जातो, मग ‘द्ध’ आणि ‘द्व’ एकमेकांत मिसळतात. ओळींत पुरेशी मोकळीक नसेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला जाऊन टेकतो. म्हणूनच इंग्रजी कादंबरी सहा इंचांच्या पडद्यावर ऐसपैस बसते, तर मराठी कादंबरीला त्याच पडद्यावर थोडे अंग चोरावे लागते. सात इंचांचा पडदा मराठी वाचकाला अधिक मानवतो.

यापुढचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मराठीचा ‘ल’ पाकळ्यांचा असतो. मधल्या देठाच्या दोन्ही अंगांना त्याचे वळसे उमलतात. हिंदी वळणाच्या ‘ल’ला उजवीकडे उभा दंड असतो. ‘श’चेही मराठी वळण निराळे. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमाला आणि लेखन यांविषयी निर्णय काढला, त्यात ही मराठी वळणे जपलेली आहेत. संगणकाच्या लेखी मात्र दोन्ही ‘ल’ एकच. युनिकोड या अक्षरसंकेतांच्या प्रणालीत त्यांना स्वतंत्र क्रमांक नाही; कोणते वळण दिसायचे ते टंक ठरवतो, आणि टंकाला ते कळते पुस्तकाच्या फायलीत नोंदवलेल्या भाषेवरून. फाइल तयार करणाऱ्याने भाषेच्या रकान्यात मराठी लिहिले आणि टंकात मराठी रूप असले, तरच पाकळ्या उमलतात. एवढ्या लहान नोंदीकडे दुर्लक्ष झाले की शेकडो पानांचे मराठी पुस्तक परक्या वळणात वाचावे लागते. अर्थ बिघडत नाही, पण घरातल्या माणसाने दुसऱ्याच कोणाच्या आवाजात बोलावे तसे काहीसे होते.

जिथे अर्थही बिघडू शकतो अशी जागा म्हणजे ‘ऱ्य’. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. दोहोंत फरक आहे तो रफार आणि अर्धचंद्राकृती ‘र’ यांचा. जुन्या किंवा अपुऱ्या टंकात हा अर्धा ‘र’ मोडतो, त्याचा पाय उघडा पडतो, आणि ‘वाऱ्यावर’, ‘कऱ्हाड’, ‘तऱ्हा’ हे शब्द अडखळू लागतात. ई-रीडर विकत घेण्याआधी त्याच्या साठवणीचे आकडे पाहण्यापेक्षा एखाद्या मराठी पुस्तकाचा नमुना उघडून हे शब्द शोधावेत. बऱ्याच यंत्रांत वाचकाला आपल्या आवडीचा टंक घालता येतो. मराठी वाचकासाठी ही सोय रंगीत पडद्यापेक्षा मोलाची आहे.

यंत्र कितीही चांगले असले तरी पुस्तक त्याच्या कामाचे हवे. मराठी प्रकाशनव्यवसाय संगणकावर आला तेव्हा युनिकोड सार्वत्रिक नव्हते. श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींत अक्षरजुळणी झाली. त्या फायलींत मराठी दिसते, पण आत प्रत्येक प्रणालीची स्वतःची सांकेतिक मांडणी असते. तो मजकूर युनिकोडमध्ये आणायचा तर रूपांतर करून पुन्हा मुद्रितशोधन करावे लागते, आणि हे काम वेळखाऊ आहे. त्यामुळे बरीच मराठी पुस्तके पीडीएफच्या रूपातच वाचकापर्यंत येतात. पीडीएफ म्हणजे छापील पानाचे चित्र म्हणावे असे गोठलेले पान. त्यातले अक्षर मोठे करताना सगळे पानच मोठे होते, ओळ पडद्याबाहेर जाते, आणि प्रत्येक ओळीसाठी पान डावीउजवीकडे सरकवावे लागते. कणांची शाई संथ असते. तिला एवढी सरकासरक झेपत नाही. ई-पब या पद्धतीत मजकूर पाण्यासारखा वाहता असतो, भांडे बदलले की आकार घेतो. अंध वाचकालाही याच पद्धतीचे दार उघडे असते, कारण युनिकोडमधला मजकूर यंत्राला मोठ्याने वाचून दाखवता येतो. स्कॅन केलेले पान मुके राहते.

यावरून निवड बरीचशी ठरून जाते. जुनी, स्कॅन केलेली पुस्तके वाचणाऱ्या अभ्यासकाला दहा इंचांचा पडदा घ्यावा लागेल; तो जड आणि महाग असतो, पण छापील पान त्यावर जवळपास मूळ आकारात मावते. मराठी ई-पुस्तके वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या अॅपमध्ये विखुरलेली आहेत. ती सारी एकाच जागी वाचायची असतील तर अँड्रॉइडवर चालणारा ई-रीडर बरा. किंडलवर डिसेंबर २०१६ पासून मराठीसह पाच भारतीय भाषांतली पुस्तके मिळू लागली, आणि कथा-कादंबऱ्यांपुरते ते पुष्कळांना पुरते. साठवणीची चिंता करू नये. नुसत्या मजकुराच्या कादंबरीला फार थोडी जागा लागते.

कागद सरस की पडदा, याचा शोध संशोधकांनीही घेतला आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात ५४ अभ्यास एकत्र तपासले गेले. माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो, आणि वेळेचे बंधन असेल तर हा फरक वाढतो, असे त्यात आढळले. कथात्म मजकुरात तसा फरक दिसला नाही. पण त्यात संगणकासारखे पडदेही होते. नॉर्वेतील आन मँगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये छापील पुस्तक आणि किंडल यांचीच तुलना केली. ५० वाचकांनी एकच लांबलचक कथा वाचली. बहुतेक बाबतींत दोन्ही गट सारखेच ठरले, फक्त घटनांचा क्रम लावताना कागदावर वाचणारे पुढे होते. कारण हातातच असावे. छापील पुस्तकात डाव्या मुठीत वाचलेल्या पानांची जाडी वाढत जाते, उजवीकडची कमी होते. कथेतला मृत्यू डाव्या पानाच्या तळाशी झाला, पत्र उजवीकडे वर आले, हे बोटे आणि डोळे मिळून लक्षात ठेवतात. सहा इंचांच्या ई-रीडरवर पहिले पान आणि शेवटचे पान एकाच वजनाचे, सुमारे १६० ग्रॅमचे.

दिवाळी अंकाचे पान तर पडद्यावर येतच नाही म्हटले तरी चालेल. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून या अंकांचे वाचन म्हणजे चाळणे आहे. मुखपृष्ठावरून व्यंगचित्राकडे, तिथून कवितेकडे, मधल्याच एका जाहिरातीशी थबकून कथेकडे. हा भटका प्रवास सहा इंचांत सरळ रांगेत उभा केला की अंक उरत नाही, लेखांची यादी उरते. कवितेचेही थोडे तसेच. अक्षर मोठे केले की कवीने ठरवलेली ओळ मधेच तुटते.

आणि छापील पुस्तक हातोहात फिरते. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून, ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून पुस्तके फिरती ठेवत आले आहे. ई-पुस्तक विकत घेतले म्हणताना वाचकाला बहुधा मिळतो तो वाचनाचा परवाना. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने हक्कांच्या वादातून जॉर्ज ऑर्वेलच्या कादंबऱ्यांच्या प्रती ग्राहकांच्या किंडलवरून दूरवरूनच पुसल्या. पैसे परत मिळाले, पुढे कंपनीने माफीही मागितली, पण कपाटातले पुस्तक असे कोणी काढून नेत नाही. ज्या पुस्तकावर मुलांचा, नातवंडांचा हात फिरावा असे वाटते ते कागदावरच घ्यावे.

कागदालाही मात्र आयुष्य असते. स्वस्त लगद्याच्या कागदात आम्ल आणि लिग्निन असते, त्याने पाने पिवळी होतात, मग तपकिरी, मग घडीवर मोडू लागतात. कित्येक जुनी मराठी पुस्तके आता उघडताच कोपरे गाळतात, आणि त्यांतल्या पुष्कळांची दुसरी आवृत्ती निघालेली नाही. त्यांना पडद्यावर आणणे म्हणजे त्यांना वाचवणेच आहे. टोरांटोत किंवा सिडनीत राहणाऱ्या मराठी वाचकाला तर पार्सलच्या खर्चाशिवाय, त्याच रात्री पुस्तक मिळते.

पोथ्या पूर्वीपासून मोठ्या टायपात छापल्या जातात. गुरुचरित्र, ज्ञानेश्वरी वाचणारे डोळे बहुधा थकलेले असतात, हे छापणाऱ्यांना ठाऊक होते. कादंबरीला, प्रवासवर्णनाला, आत्मचरित्राला ही मुभा क्वचितच मिळाली. सत्तरीनंतर भिंगाखाली एकेक शब्द ओढत वाचावे लागे, नाहीतर वाचन सुटे. ई-रीडरवर तीच कादंबरी पोथीच्या अक्षरात येते. एका पानात सात-आठ ओळी मावतात, पान सारखे उलटावे लागते, आणि चष्मा कपाळावर सरकवून दुपारभर वाचता येते.